मागचे पाटे स्वतः बदलायचे असतील तर

मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरून कांदा भरून मी सोलापूरच्या मार्केट यार्डाकडे निघालो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. कच्चा रस्ता सोडून गाडी डांबरीवर चढताना मागून एकदाच ‘टक्’ असा आवाज झाला. पुढे स्टिअरिंग सरळ धरलं तरी पिकअप एका अंगाने चालतेय असं वाटायला लागलं. जळक्या रबराचा वास आला तेव्हा उतरून टॉर्च मारला. मागच्या एक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली मुख्य पट्टी, म्हणजे डावा मेन पाटा, मधोमध तुटला होता, एक्सल मागे सरकला होता आणि टायर मडगार्डला घासत होता.

तेव्हा घाईत एका गॅरेजमध्ये पाटे बसवून घेतले आणि तीन महिन्यांत पुन्हा कुरकुर सुरू झाली. दुसऱ्या वेळी एका जुन्या पाटेवाल्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली मी स्वतःच्या हाताने बसवले. त्यांनी त्या रात्रीचा तुटलेला पाटा हातात देऊन तुटलेली कड दाखवली. अर्धी कड गंजून तांबूस-काळी, उरलेली ताजी, करड्या रंगाची, साखरेसारखी दाणेदार. “हे काळं आहे ना, तो तडा जुना आहे. महिनाभर तरी तुम्ही तुटक्या पाट्यावर फिरलाय अण्णा,” ते म्हणाले. मग पाट्याच्या मधल्या भोकावर बोट ठेवून विचारलं, “यू-बोल्ट शेवटचा कधी आवळला होता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं.

पाटा एक्सलवर घट्ट दाबून धरण्याचं काम यू-बोल्टचं. तो सैल झाला की सगळा हिसका मधल्या सेंटर बोल्टवर येतो, आणि पाटा नेमका त्याच भोकापाशी तुटतो, कारण भोकामुळे तिथे पोलाद आधीच कमी असतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत यू-बोल्टवर मी जास्त लिहिलंय, ते जाणूनबुजून.

हा लेख पिकअप, छोटा टेम्पो, जीप अशा गाड्यांसाठी आहे. सहा आणि दहा चाकी ट्रकचे पाटे घरी बदलायच्या भानगडीत पडू नका. त्यांची वजनं आणि त्यांना लागणारा जोर वेगळाच असतो.

१. आधी भाग ओळखा

पुढच्या टोकाला मेन पाट्याचा गोल वळवलेला डोळा असतो. तो चासीच्या हँगरमध्ये एका बोल्टने पक्का असतो. मागच्या टोकाला तसाच डोळा शॅकलला अडकवलेला असतो, आणि शॅकल झोपाळ्यासारखं हलतं. ते हलायलाच हवं. वजन आलं की कमानीचा पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि ती वाढलेली लांबी शॅकल सामावून घेतं. शॅकल गंजून जाम झालं तर पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही आणि गाडी दगडासारखी आदळते.

मध्ये सेंटर बोल्ट. तो सगळे पाटे एकत्र ठेवतो, आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसून एक्सलला जागेवर ठेवतं. आवळून धरायचं काम त्याचं नाही. ते दोन यू-बोल्टांचं आणि त्यांच्या प्लेटचं. बाजूच्या लोखंडी क्लिपा गाडी उसळली की पाटे एकमेकांपासून फाकू देत नाहीत.

२. पाटे खरंच गेलेत का ते बघा

गाडी रिकामी करा, सपाट जागी लावा, टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी करा. मग मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा तुटला आहे. तारेच्या ब्रशने माती काढून प्रत्येक पाट्याची कड टॉर्चने बघा. आपल्याकडची काळी माती वाळली की पाट्यांच्या फटीत सिमेंटसारखी बसते आणि तिच्याखाली तडा दिसत नाही. मलाही तो दिसला नव्हता.

नुसताच आवाज येत असेल तर आधी बुश (डोळ्यात बसणारी रबरी किंवा धातूची नळी) आणि शॅकल पिन तपासा. बुश बदलून काम भागत असेल तर पाट्यांवर खर्च का करायचा?

३. योग्य पाटे घ्या, आणि जोडीने घ्या

दुकानात जाताना आरसी सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीचे वजनाप्रमाणे, सालाप्रमाणे वेगवेगळे पाटे असतात. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतला की वाद राहत नाही. दुकानातच टेप लावून सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांपर्यंतची लांबी मोजा. बऱ्याच गाड्यांत पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब असतो. असा पाटा उलटा बसवला तर एक्सल मागे-पुढे होतो, म्हणून आखूड बाजूला तिथेच खडूने खूण करा. काही गाड्यांना डावा-उजवा पाटाही वेगळा असतो.

एकच बाजू बदलू नका. नवा पाटा ताठ, जुना थकलेला, त्यामुळे गाडी एका बाजूला कलते आणि जुन्यावरच जास्त ताण येतो.

दोन सल्ले तुम्हाला हमखास मिळतील. पहिला, तुटलेला मेन पाटा वेल्डिंग करून घ्या. हे कधीही करू नका. पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, झटकन थंड करून, पुन्हा तापवून लवचिक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण त्या जागी निघून जातो आणि पाटा शेजारीच तुटतो. दुसरा सल्ला, “दोन पाटे जास्तीचे टाका, टनभर जास्त भरता येईल.” पाटे वाढवले तरी एक्सल, ब्रेक, चासी आणि टायर तेच राहतात. आरसीवरचं एकूण वजनही तेच राहतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे. कांद्याचा आणि उसाचा हंगाम आला की हा मोह होतो, हे मला माहीत आहे. माझा पाटा तुटला त्या रात्री गाडीत किती पिशव्या होत्या हेही मी विसरलेलो नाही.

४. सामान आणि कागद

हे सगळं आदल्या दिवशी जमवून ठेवा. अर्ध्यात गाडी जॅकवर ठेवून नट आणायला जावं लागलं की पुढची घाई तिथूनच सुरू होते.

- दोन पाटे, चार नवे यू-बोल्ट, त्यांचे नवे नट आणि वायसर
- डोळ्यांचे आणि शॅकलचे नवे बुश, नवे नायलॉक नट. पिन झिजल्या असतील तर त्याही
- दोन जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), जाड लाकडी फळ्या आणि चाकाला लावायला ठोकळे
- रिंग पाने, गोटी पाने, लांब दांडा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येतो असा), घण, पहार, पितळी ड्रिफ्ट (बोल्ट ठोकून बाहेर काढायचा दांडा), तारेचा ब्रश
- गंज सोडवणारं तेल, ग्रीस, खडू, टेप, टॉर्च, रंगाची छोटी बाटली
- हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि सोबत एक माणूस
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, किमान टॉर्कचं पान

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा पूर्ण आवळल्यावर ते ताणले गेलेले असतात, आटे दबलेले असतात, आणि दुसऱ्या वेळी तेवढी पकड देत नाहीत. पाट्यांच्या किमतीपुढे यू-बोल्टचा खर्च किरकोळ असतो, आणि लोक पैसे नेमके तिथेच वाचवतात. माझ्या पहिल्या वेळी गॅरेजने जुनेच यू-बोल्ट बसवले होते, हे मला नंतर कळलं. पाट्यांची पावती जपून ठेवा; पासिंगच्या वेळी कोणी विचारलं तर मूळ मापाचेच पाटे बसवले आहेत हे दाखवता येतं.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंजाचं तेल सोडा. तेल नसेल तर आमच्याकडे डिझेल मारून ठेवतात, तेही चालतं.

५. गाडी उचलणे

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी चासीला हात लागत नाही. सकाळी सहाला सुरू करा.

जागा पक्की हवी. काळ्या मातीत किंवा नव्या मुरमात जॅक खचतो. आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर जॅक लावू नका. खाली पोकळी असली की वजनाखाली ती फटकन तुटते. फरशी असेल तर वर जाड फळी टाका, तरीही मनात शंका आली तर काँक्रीटवर जा.

गिअर टाका, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. काही जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. जोर लावण्याआधी बघून घ्या. मग गाडी मागून उचला आणि घोड्या चासीखाली लावा, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे. दुसरा जॅक एक्सलच्या हौसिंगखाली, म्हणजे बाहेरच्या कवचाखाली, फक्त टेकवून ठेवा. म्हणजे गाडी घोड्यांवर आणि एक्सल जॅकवर. घोडीऐवजी विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा दगडांची चळत लावू नका. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. गाडीला धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा लावा. त्यानंतरच खाली जा.

६. काढण्याआधी मोजा

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एक्सल आणि पाट्याच्या मध्ये तिरकी पाचर असेल तर तिची जाड बाजू कुठे आहे ती खडूने लिहा. ती उलटी बसली तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते.

हौसिंगपासून चासीपर्यंत एखादी बारीक दांडी किंवा स्प्रिंग जाते का तेही बघा. तो वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या वॉल्व्हचा दुवा असतो, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो सोडवून ठेवा, पण त्याची सेटिंग हलवू नका. ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हे एक्सल खाली सोडताना प्रत्येक वेळी बघा. एक्सल पाइपवर लटकला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

७. जुना पाटा काढणे

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा पाटा एक्सलला जागेवर धरून ठेवतो, म्हणून हा नियम मोडू नका.

चाक काढा, शॉकअपचं खालचं टोक सोडवा, जॅकने एक्सलला थोडा आधार द्या. यू-बोल्टचे चारही नट थोडे-थोडे सैल करत काढा. आता जॅक हळू खाली घ्या. पाटा आणि एक्सल वेगळे होताना दिसतील. मग मागचं शॅकल, शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. सोबतच्या माणसाने पाटा धरलेला असू दे, तो अंदाजापेक्षा जड असतो.

पुढचा बोल्ट बहुतेक वेळा गंजून बुशच्या नळीला चिकटलेला असतो. तेल, घणाचे ठोके, पुन्हा तेल, आणि धीर. गॅसची ज्योत लावण्याआधी डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप किती जवळ आहेत ते बघा. जवळ असतील तर गॅस नकोच, बोल्ट करवतीने कापा. बोल्टची किंमत गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

जुन्या पाट्याचा सेंटर बोल्ट सहज म्हणून सोडू नका. दाबलेले पाटे उसळून फाकतात. सोडायचाच असेल तर दोन्हीकडून शिकंजा लावून.

८. नवा पाटा जागेवर आणणे

एक्सलची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाचे पापुद्रे, जुना रंग, माती, काही राहू देऊ नका. आज त्याच्यावरच आवळलं तर महिन्याभरात तो थर चुरा होऊन निघतो आणि तेवढा यू-बोल्ट सैल पडतो. सेंटर बोल्टचं भोकही बघा. ते लांबट झालं असेल तर बैठक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रबरी बुश बसवताना साबणाचं पाणी वापरा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. धातूचा बुश आणि ग्रीस निप्पल असेल तर मात्र ग्रीस भरपूर.

आखूड बाजूची खूण बघून पाटा उचला. पुढचा बोल्ट घाला, नट हातानेच लावा. मग मागचं शॅकल, तेही हातानेच. आता जॅकने एक्सल हळूहळू वर आणा म्हणजे सेंटर बोल्टचं डोकं भोकात उतरेल. पहिल्यांदा जुळणार नाही, अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे असेल. पहारीने एक्सल सरकवा. भोक जुळलं का हे बघायला बोट घालू नका. टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरा. जॅक सुटला तर बोट राहत नाही.

डोकं पूर्ण भोकात गेल्याची खात्री झाल्यावरच पुढची पायरी. ते कडेवर टेकलेलं असताना यू-बोल्ट आवळले तरी वरून सगळं ठीकच दिसतं, आणि पहिल्याच खड्ड्यात एक्सल घसरतो.

९. यू-बोल्ट आवळणे

ही पायरी घाईत उरकू नका. यू-बोल्ट पाट्यावर सरळ उभे आहेत का बघा, प्लेट लावा, चारही नट हाताने टेकवा. चारही टोकांना नटाच्या बाहेर आटे सारखेच दिसले पाहिजेत. मग पान्याने तिरप्या क्रमाने जा: पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला. प्रत्येकाला थोडंच. एक फेरी, दुसरी, तिसरी. एक नट आधी पूर्ण आवळला तर प्लेट तिरकी होते. नंतर बाकीचे कितीही आवळा, ती सरळ होत नाही.

एअर गनने घर्रकन आवळणं सगळीकडे चालतं, पण तिने चार नटांना सारखा ताण देता येत नाही. शेवटच्या फेऱ्या टॉर्क पान्यानेच करा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या, दुसऱ्या गाडीचा नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की साधारण ९८ न्यूटन-मीटर होतात. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस असेल तर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो.

आता चाक लावा आणि दुसरी बाजू अशीच करा.

१०. शेवटचं आवळणं जमिनीवर

माझं पहिलं काम इथेच बिघडलं होतं. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी घोड्यांवर लटकलेली असतानाच पक्के केले गेले होते. रबरी बुशची आतली नळी बोल्टसोबत घट्ट पकडली जाते आणि पाटा हलला की रबर पिळवटतं. लटकलेल्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. तीन महिन्यांत ते फाटलं, आणि कुरकुर त्याचीच होती.

म्हणून गाडी चाकांवर उतरवा, मागचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडा, आणि मग डोळ्याचे आणि शॅकलचे नट टॉर्कवर आवळा. यू-बोल्टचीही एक फेरी पुन्हा करा. धातूच्या बुशला हा नियम नाही. तिथे शॅकल मोकळं हलेल इतकंच आवळायचं. शॉकअप जोडा, चाकांचे नट तपासा.

दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. पुढची चाकं सरळ हवीत. दोन्ही अंतरं जुळली नाहीत तर सेंटर बोल्ट बसलेला नाही किंवा पाटा उलटा आहे. सोडा आणि पुन्हा करा.

ब्रेकच्या वॉल्व्हचा दुवा जोडा. नव्या पाट्यांनी गाडी मागून थोडी उंच राहते. वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी देऊ शकतो. याची सेटिंग मॅन्युअलमधल्या मापाने ब्रेकच्या जाणकाराकडूनच करून घ्या. ती होईपर्यंत तुळजापूरच्या घाटाकडे भरलेली गाडी नेऊ नका.

११. पहिले १०० किलोमीटर

नट आणि बोल्टच्या टोकावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा, आठही यू-बोल्ट नटांवर आणि शॅकलच्या नटांवर. आधी रिकामी गाडी विजापूर रोडला दहा-वीस किलोमीटर फिरवा, हळू वेगात मोकळ्या जागी ब्रेक दाबून बघा, उतरून सगळीकडे हात लावा. मग अर्ध्या भाराने.

१०० किलोमीटरच्या आसपास यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग दबतो, आणि नट थोडा तरी फिरतोच. माझे चार नट साधारण पाव फेरी फिरले होते. पुन्हा १,००० किलोमीटरला, आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला. आवळल्यावर जुनी रेघ पुसून नवी ओढा.

आता भरायला जाण्याआधी मी गाडीमागे वाकून टॉर्च मारतो. रेघ सरळ दिसली तर भराईला लागतो. तुटलेली दिसली तर आधी पाना.